वडिलांच्या नावावरची बाराबोर बंदूक: वारसाहक्काने परवाना आणि पुण्यातील सदनिकेत ती ठेवण्याची व्यवस्था

हिरडसमावळकर

नमस्कार. आमच्या वडिलांच्या नावे बाराबोरची दुनळी बंदूक होती आणि तिचा परवाना पुण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयाने दिलेला होता. वडील गेल्या पौषात वारले. बंदूक सध्या भोर तालुक्यातील आमच्या घरी, माजघराला लागून असलेल्या खोलीत लोखंडी कपाटात कुलूपबंद आहे. परवान्याचे पुस्तक आणि जुन्या काडतुसांचा अर्धा डबाही तिथेच आहे. थोरले बंधू गावी शेती पाहतात, मी कोथरूडला राहतो. बंदूक आजोबांच्या काळापासून घरात असल्यामुळे ती विकावी असे कोणाच्याच मनात नाही. ती माझ्या नावावर करून घेता येईल का, अर्ज कोणत्या कार्यालयात करावा लागेल, आणि येत्या रविवारी गाडीतून पुण्याला आणली तर चालेल का? घरात दोन लहान मुले आहेत, त्यामुळे ती कुठे व कशी ठेवावी याबद्दलही जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

शिवाजीनगर_कोर्ट

आधी रविवारचा बेत रद्द करावा, कारण बाकी सगळे त्यानंतर येते. परवाना व्यक्तीच्या नावे असतो, बंदुकीच्या किंवा घराण्याच्या नावे नसतो. परवानाधारक गेल्यावर ते शस्त्र ज्याच्या ताब्यात असेल, त्याच्याकडे विनापरवाना शस्त्र आहे असाच कायद्याचा अर्थ होतो, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी किमान दोन ते कमाल पाच वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. भोर ते कोथरूड या रस्त्यावर नाकाबंदीत गाडी तपासली गेली, तर वडिलांचे परवान्याचे पुस्तक दाखवून आपली सुटका होणार नाही.

शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 21 प्रमाणे ताबा कायदेशीर राहिला नाही की शस्त्र आणि काडतुसे विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागतात. म्हणून मृत्यूचा दाखला आणि परवान्याची प्रत जोडून आपल्या गावाच्या हद्दीतील पोलीस ठाण्याला लेखी कळवा, बंदूक ठाण्यात कशी पोहोचवायची हे त्यांनाच विचारा (शक्यतो कर्मचाऱ्याने घरी येऊन पंचनामा करून नेणे उत्तम), आणि नळीवरचा क्रमांक, काडतुसांची संख्या व बंदुकीची स्थिती लिहिलेली पावती घेतल्याशिवाय परतू नका. अनेक वर्षांनी बंदूक परत घेताना वाद होतो तो याच पावतीवरून. जमा केलेले शस्त्र परत मिळवण्याचा किंवा परवानाधारकाला विकण्याचा हक्क वारसांना आहे, मात्र तो ठरलेल्या मुदतीत बजावावा लागतो. तसे न केल्यास शस्त्र सरकारजमा होते.

आता परवान्याविषयी. शस्त्र नियम 2016 मध्ये वारसाला परवाना देण्याची स्वतंत्र तरतूद आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, किंवा तो सत्तर वर्षांचा झाल्यावर अथवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगल्यावर त्याच्या हयातीतच, वारसाला अर्ज करता येतो. वडील असतानाच हे झाले असते तर सोपे गेले असते, पण बहुतेक घरांत तो विषय कोणी काढत नाही. अर्ज जिथे राहता तिथल्या परवाना प्राधिकाऱ्याकडे करायचा: आपण कोथरूडला राहता म्हणजे पुणे शहर पोलीस आयुक्तालयात, वडिलांचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांचा होता तरीही. (पिंपरी-चिंचवडला 2018 पासून वेगळे आयुक्तालय आहे.) इतर वारसांची नाहरकत, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याबाबतचे हमीपत्र लागते, शिवाय पोलीस चौकशी होते. बहिणी असतील तर त्यांचीही संमती आधीच लेखी घ्यावी. परवाना पाच वर्षांसाठी मिळतो आणि एका व्यक्तीला दोनपेक्षा अधिक शस्त्रे ठेवता येत नाहीत. वडिलोपार्जित शस्त्रही या दोनांतच धरले जाते.

निवृत्त_सुभेदार

वरील उत्तरात कायद्याची बाजू आली आहे, मी ठेवण्याबद्दल लिहितो. आपले गावचे लोखंडी कपाट बहुधा कपड्यांचे असेल. त्याचे कुलूप पेचकसाने उघडते आणि ते दोघांना उचलून नेता येते. सदनिकेत जाड पत्र्याची, भिंतीत बोल्टने पक्की बसवलेली पेटी करून घ्यावी, आणि ती मुलांच्या वावराच्या खोलीत नसावी. काडतुसे दुसऱ्या पेटीत, दुसऱ्या कुलपात, शक्य असल्यास दुसऱ्या खोलीत ठेवावीत. दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात अडकवून देव्हाऱ्यामागे टांगणाऱ्या घरात कुलूप असून नसल्यासारखे असते. मुलांना किल्लीची जागा आपल्या अंदाजापेक्षा फार आधी कळते.

दुनळी बंदुकीची एक सोय आहे. पुढची लाकडी पकड काढली की नळ्या दस्त्यापासून सुट्या होतात, आणि हे दोन भाग वेगवेगळे कुलूपबंद ठेवता येतात. पेटीत ठेवण्यापूर्वी बंदूक मधून उघडून दोन्ही नळ्यांतून उजेडाकडे पाहावे आणि काडतूस बसते तिथे बोट घालून खात्री करावी. ‘ती रिकामीच आहे’ हे दुसऱ्याचे वाक्य ऐकून कधीही विश्वास ठेवू नये. कापडी किंवा चामड्याच्या खोळीत बंदूक वर्षभर ठेवू नका. खोळ पावसाळ्यातील दमट हवा धरून ठेवते आणि नळीला आतून गंज चढतो. जुनी काडतुसे फुगली असतील किंवा त्यांच्या पितळी बुडावर हिरवट थर आला असेल, तर ती उडवून पाहू नका आणि कचऱ्यातही टाकू नका. बंदुकीबरोबरच जमा करा.

हिरडसमावळकर

दोघांचेही मनापासून आभार. ठाण्यात कळवण्याचा अर्ज लिहायला घेतला आहे. मात्र थोरल्या बंधूंचे म्हणणे असे की, बंदूक खंडेनवमीला घरच्या शस्त्रपूजेत असलीच पाहिजे, म्हणून ती गावातून हलवू नये. हवे तर दसरा झाल्यावर जमा करू. पोलीस पाटील ओळखीचे आहेत, काही होणार नाही, असेही ते म्हणतात.

शिवाजीनगर_कोर्ट

पोलीस पाटलांना परवाना देण्याचा किंवा सूट देण्याचा अधिकार नाही; उलट अशी माहिती ठाण्याला कळवणे हेच त्यांचे काम आहे. पूजेपुरतीही मुभा नाही. त्यातच दसऱ्याला उत्साहाच्या भरात कोणी हवेत बार काढला, तर तो 2019 पासून स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

पण बंधूंच्या आग्रहातूनच एक मार्ग निघतो. बंदूक गावीच राहावी अशी सर्वांची इच्छा असेल, तर परवाना आपण का मागावा? मुलगा या नात्याने तेही तितकेच वारस आहेत आणि भोरला राहत असल्याने त्यांचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात जाईल. नाहरकत आपण द्यावी. पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक त्यांच्या नावे आधीपासून असेल, तर मात्र ती एक आणि ही दुसरी धरून त्यांची मर्यादा पूर्ण होईल. परवाना हाती येईपर्यंत बंदूक ठाण्यात जमाच राहील, त्यामुळे यंदाच्या खंडेनवमीला पूजेत कोयता, विळा आणि नांगराचा फाळ ठेवावा लागेल.