प्रभुभोजनाचे ग्लास धुणं सोडावं का?

सांगलीकर_ताई
सलाम सगळ्यांना. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा, त्याची तयारी ११ वर्षं झाली माझ्याकडंच आहे. सीझनला तासगावची काळी द्राक्षं आणून रस उकळायचा गाळायचा, शनिवारी भाकर कापून झाकून ठेवायची, आणि उपासना सुटली की ८० छोटे काचेचे ग्लास धुवायचे. तळाला रस वाळून बसतो तो घासणीनं निघत नाही, घासणी आतच जात नाही, बोटाला फडकं गुंडाळून एकेक ग्लास फिरवावा लागतो. तोवर सगळे बाहेर चहा पिऊन घरी पोचलेले असतात.
यंदा वर्धापनदिनाला सगळ्यांचे आभार मानले, गायनवाले, साउंडवाले, मांडववाल्याचे पण. माझं नाव नाही आलं. घरी येऊन रडले. मग स्वतःचाच राग आला, सेवा प्रभूची म्हणायची आणि वर नाव ऐकायची आशा धरायची. तेव्हापासून मन लागत नाही, मागच्या वेळी तर ग्लास नुसते पाण्यातून काढून पालथे घातले. सोडून द्यावं का? कोरड्या मनानं करत राहणं हे ढोंग नाही का?

मिरजेची_सिस्टर
ताई, ढोंग नाही हे. मी रिटायर्ड नर्स आहे, मिरजेतच सगळी नोकरी गेली. मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी १८९४ ला इथं दवाखाना काढला, ते नाव सगळ्यांना माहीत, असायलाच पाहिजे, पण त्याच दवाखान्यात रात्री भांडं उचलणाऱ्या, रक्ताच्या चादरी धुणाऱ्या बायांची नावं कुणी सांगेल का? आणि चादर नीट उकळली नसती तर साहेबांचं ऑपरेशन काय कामाचं होतं. माझ्याही कित्येक नाइट ड्युट्या कोरड्या मनानं झाल्यात. पेशंटला कूस बदलून द्यायची वेळ झाली की द्यायची, त्याच्या पाठीला माझं मन कळत नव्हतं, हात कळत होता. मन कधी आधी यायचं कधी पहाटे चार वाजता. रडलात त्याची लाज वाटू देऊ नका.

कृष्णाकाठ
मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. ११ वर्षं एकटीनं का? २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलेलं तेव्हा जेवणाची पाकिटं वाटायला पोरंच पोरं होती, मीपण होतो, पण पाणी उतरल्यावर घराघरातला गाळ काढायला आम्ही चौघं उरलो आणि तिसऱ्या दिवशी मी चिडलो, कुणी येत नाही म्हणून. तर एक आजोबा म्हणले, तू कुणाला बोलावलंस? खरंच कुणालाच नव्हतं बोलावलं. पाळकसाहेबांना (चर्चच्या पास्टरना) सरळ सांगा की मला वाईट वाटलं आणि मला जोडीला माणूस पाहिजे. विश्वासू राहायचं म्हणजे मुकं राहायचं असं कुठं लिहिलंय.

सातारा_रोड
वरच्या दोघांशी सहमत. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय ९ काढून बघा, यापो गावची टबीथा. तिचं तोंडचं एक वाक्य पण शास्त्रात नाही. ती वारल्यावर विधवा रडत रडत येशूचा शिष्य पेत्र याला तिनं शिवलेले अंगरखे दाखवतात. मला दरवेळी वाटतं, ती जिवंत असताना त्यातली एखादी तरी बोलली असेल का तिला? हे लिहिता लिहिता आमच्याकडं घंटा वाजवणारे मामा आठवले, थंडी असो पाऊस असो पावणेआठला हजर. त्यांना मी आजवर कधी काही म्हणलो नाही. उद्या जाऊन भेटतो.

सांगलीकर_ताई
सगळ्यांचे आभार. सिस्टर, "हात कळत होता" हे दोनदा वाचलं. पाळकसाहेबांना फोन केला, आवाज कापत होता पण सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले, मग माफी मागितली. काल तरुण संघातली एक मुलगी आली होती, दहावीतली. मागच्या वेळचे ते पालथे घातलेले ग्लास परत काढले, ती खिडकीपाशी उजेडात धरून बघत होती आणि म्हणत होती मावशी ह्यात अजून आहे, ह्यात पण आहे. ८० च्या ८० परत धुतले.