एचडीएमआयवर मॉनिटरचा काळा रंग राखाडी दिसतोय, काय करू?

रात्रपाळीवाला:
मंडळी, लॅपटॉपला नवीन २४ इंची फुल एचडी मॉनिटर एचडीएमआयने लावलाय. काळा रंग कसा धुतल्यासारखा राखाडी दिसतो, लॅपटॉपवर तेच चित्र झकास दिसतं. शिवाय टास्कबारचा खालचा अर्धा भाग स्क्रीनबाहेर गायब. ब्राइटनेस १०० वरून ३० वर आणला, कॉन्ट्रास्ट खालीवर केला, काही उपयोग नाही, परत करू का हा डबा?

घडीची_पोळी:
केबल बदलून बघ आधी.

जुनाट_पीसी:
केबलचा काही संबंध नाही हो. परत पण करू नका. तुमचं ग्राफिक्स कार्ड मॉनिटरला टीव्ही समजतंय, एवढंच. टीव्हीच्या सिग्नलमध्ये काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो, कॉम्प्युटरच्या ० ते २५५. कार्ड १६ पाठवतं, मॉनिटर ० ची वाट बघत बसतो, मग काळा राखाडीच दिसणार ना. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर कंट्रोल पॅनलमध्ये चेंज रिझोल्यूशनच्या पानावर खाली आउटपुट डायनॅमिक रेंज आहे, ते लिमिटेडचं (म्हणजे टीव्हीचं १६ ते २३५) फुल (० ते २५५) करा. इंटेलला त्यालाच क्वांटायझेशन रेंज म्हणतात. टास्कबार कापला जातोय तेही टीव्हीचंच दुखणं, ओव्हरस्कॅन, म्हणजे चित्र थोडं मोठं करून कडा स्क्रीनबाहेर टाकणं. मॉनिटरच्या मेनूत बंद करा, आणि रिझोल्यूशन १९२० बाय १०८० च आहे ना तेही बघून घ्या.

रात्रपाळीवाला:
टास्कबार आला!! पण कार्डात फुल केलं, मॉनिटरच्या मेनूत ब्लॅक लेव्हल होती तीही बदलली, आता उलटंच झालं, व्हिडिओत माणसाचे केस आणि काळा कोट मिळून एकच डांबराचा गोळा दिसतोय 😭

जुनाट_पीसी:
अहो दोन्हीकडे कशाला हात लावला 😀 मॉनिटर आधी बरोबरच होता, आता तो लिमिटेडवर गेला. तेवढं परत फिरवा, कार्ड फुलवरच राहू दे.

घडीची_पोळी:
माझ्याकडे अक्षरांभोवती पांढरी किनार दिसते तीपण याच्यामुळेच का?

जुनाट_पीसी:
नाही, ती शार्पनेस जास्त असल्यामुळे. कमी करत जा, किनार गेली की थांबा, एकदम ० वर नेऊ नका कारण काही मॉनिटरवर ० ला अक्षरं पुसट होतात.

रात्रपाळीवाला:
फिरवलं. कोटाची बटणं दिसली! डबा ठेवतोय.