निर्बंधांच्या आधीच बोलिव्हार कोसळला होता

व्हेनेझुएलाच्या चलनाची, म्हणजे बोलिव्हारची, वाट अमेरिकेच्या निर्बंधांनी लावली, असं काहीजण म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. तिथल्या सरकारी तेलकंपनीवर थेट निर्बंध आले जानेवारी २०१९ मध्ये. त्याआधीच, ऑगस्ट २०१८ मध्ये, राजधानी काराकासमध्ये अडीच किलोच्या आतबाहेरची एक कोंबडी १ कोटी ४६ लाख बोलिव्हारला मिळत होती! नोटांची चळत कोंबडीपेक्षा मोठी. त्याच महिन्यात सरकारने चलनावरची पाच शून्यं पुसली, म्हणजे जुन्या एक लाखाचा नवा एक बोलिव्हार केला. २००८ मध्ये तीन पुसून झाली होती, २०२१ मध्ये आणखी सहा गेली. म्हणजे तेरा वर्षांत चौदा शून्यं.

मूळ दुखणं जुनं आहे. निर्यातीची जवळजवळ सगळी कमाई तेलाची, आणि धान्यापासून औषधांपर्यंत बरंच काही आयात. २००३ च्या तेल उद्योगातल्या संपानंतर तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष चावेझ यांनी पेदेवेसा या सरकारी तेलकंपनीतल्या हजारो अनुभवी लोकांना घरी बसवलं. त्याच वर्षी डॉलरचा दर सरकारने बांधून टाकला. मग काय, वशिल्याने स्वस्त सरकारी दरात डॉलर घ्यायचा आणि काळ्या बाजारात चढ्या भावाने विकायचा, हाच धंदा झाला. २०१४ नंतर तेल शंभर डॉलरवरून तिशीच्या खाली आलं, तेव्हा खर्चाला कात्री लावण्याऐवजी मध्यवर्ती बँकेने नोटा छापून सरकारची तूट भरली. निर्बंधांनी जखमेवर मीठ चोळलं, हे मात्र मान्य.

आता तिथे रोजच्या व्यवहारात सर्रास डॉलर चालतो. कोलंबियाच्या सीमेवर काही स्थलांतरितांनी तर बोलिव्हारच्या नोटा विणून पर्स करून विकल्या.