एजंटाच्या हातात दिलेला हप्ता कंपनीला मिळाला असं का धरायचं नाही?

हिशोबी:
आमच्याकडे निम्मं गाव आयुर्विम्याचा हप्ता एजंटाच्या हातात देतं. तो दारावर येतो, पैसे नेतो, पावती मागाहून आणतो. सर्वोच्च न्यायालय मात्र १९९७ च्या हर्षद शहा विरुद्ध एलआयसी (आयुर्विमा महामंडळ) निकालात म्हणतं, एजंटाला दिले म्हणजे महामंडळाला दिले असं नाही. त्यात एजंटाने बेअरर चेक, म्हणजे आणील त्याला पैसे मिळतात तो, घेऊन वटवला आणि रक्कम भरली ती विमेदार वारल्यानंतर. पॉलिसी तोवर बंद पडली होती. एजंट नेमणार महामंडळ, कमिशन देणार महामंडळ, आणि पैसे अडकले की तो परका?

निवृत्त_कारकून:
तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या एजंट विनियमांत स्पष्ट लिहिलं होतं: पैसे गोळा करायचा, जोखीम स्वीकारायचा अधिकार एजंटाला नाही. करार कायद्याचं कलम २३७ तिथेही मांडलं होतं, म्हणजे एजंटाला अधिकार आहे असा समज मालकानेच करून दिला तर मालक बांधील. महामंडळाने समज करून दिल्याचा पुरावा मिळाला नाही. कोर्ट पुराव्यावर चालतं हो.

हिशोबी:
एकच माणूस वर्षानुवर्षं वीस जणांचे हप्ते खिडकीवर भरतो, कॅशियर त्याला नावाने ओळखतो. समज आणखी कसा करून देतात?

वकिलीण:
१९९९ चा बसंती देवी निकालही बघा. कर्मचाऱ्यांच्या पगारातून हप्ता कापणाऱ्या दिल्लीच्या वीज उपक्रमाला कोर्टाने एलआयसीचाच एजंट धरलं.

निवृत्त_कारकून:
तिथे कापायची व्यवस्थाच महामंडळाशी ठरवून केलेली. दारावर येणाऱ्या एजंटाशी त्याची बरोबरी कशी?

वकिलीण:
मग विमा कायद्याचं कलम ६४व्हीबी घ्या. एजंटाने कंपनीतर्फे घेतलेला हप्ता कमिशन न कापता, सुट्ट्या वगळून २४ तासांत भरायचा. म्हणजे एजंट पैसे घेतो हे कायदा गृहीत धरतोच.

निवृत्त_कारकून:
'कंपनीतर्फे' हे शब्द सोडू नका. कंपनीने अधिकार दिला असेल तर.

एजंटताई:
मी एजंट आहे. रोख घेतच नाही, चेक महामंडळाच्या नावाचा आणि क्रॉस केलेलाच, म्हणजे खात्यातच जमा होणारा. तरी 'ताई, तेवढे भरून टाका' म्हणत लोक नोटा पुढे करतात. प्रपोजल फॉर्मचंही, म्हणजे विम्याच्या अर्जाचंही, तेच. 'तुम्हीच भरा' म्हणून कोऱ्या फॉर्मवर सही, आणि शुगर असल्याचं क्लेमच्या वेळी कळतं.

हिशोबी:
ताई, तुमच्याबद्दल तक्रार नाही. पण अंगठा उठवणाऱ्या आजोबांना विनियम कोण वाचून दाखवणार? एजंट निवडलाय कंपनीने, तर त्याने बुडवलेल्या हप्त्याचा भुर्दंडही तिनेच सोसावा आणि नंतर त्याच्याकडून वसूल करावा.