एआयकडून संहिता करून घेताना मजकूर सपाट होतो, न बोललेली माहिती घुसते. क्रम कुठे बदलावा?

कात्रण
दर आठवड्याला आठ मिनिटांचा व्हिडिओ आणि त्याच विषयावर एक लेख, असं काम आहे. मुद्दे फोनवर बोलून ठेवते, व्हिस्परने (बोलण्याचा मजकूर करणारं एआय साधन) त्याचा मजकूर करते आणि तो चॅटबॉटला देऊन संहिता मागते. पण प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी तात्पर्य येतं, यादी केली की हटकून तीनच मुद्दे. शिवाय मी न बोललेली माहिती मध्येच येते आणि ती इतकी बेमालूम बसते की नजरेतून सुटते. ‘माझ्या शैलीत लिही’ म्हणून काही फरक पडत नाही.

रानवाट
चॅटबॉटकडे संहिता मागूच नका, आधी प्रश्न मागा. मुद्दे देऊन एवढंच लिहा: ‘हा विषय नव्याने ऐकणाऱ्याला कुठे अडेल, असे दहा प्रश्न मला विचार. मजकूर लिहू नकोस.’ उत्तरं बोलून रेकॉर्ड करा. संहितेचा बराचसा ऐवज तिथेच तयार होतो, तोही तुमच्या तोंडच्या भाषेत. मग एआयला फक्त क्रम लावायला सांगा.

‘माझ्या शैलीत’ म्हटल्यावर मॉडेलला काहीच कळत नाही, कारण तुमचं लिखाण त्याच्यासमोर नसतं. मग ते सर्वांना चालेल असं वाक्य देतं. त्याला नमुने हवेत: ३००-४०० शब्दांचे तीन उतारे, एआयचा हात न लागलेले, आणि तिन्ही वेगळ्या प्रकारचे. एकाच धाटणीचे दिलेत तर पुढचं सगळं त्याच साच्यातून निघेल. सोबत नको असलेल्या शब्दांची यादी द्या: ‘आजच्या धावपळीच्या युगात’, ‘चला तर मग जाणून घेऊया’, ‘केवळ अमुक नव्हे, तर तमुक’. ‘परिच्छेदाच्या शेवटी निष्कर्ष नको’ हेही स्पष्ट लिहा.

लांबीचा हिशेब स्वतः ठेवा. मिनिटाला १२० शब्द धरले तर आठ मिनिटांना साधारण ९६० होतात. मॉडेल शब्द नव्हे, टोकन, म्हणजे शब्दांचे लहान तुकडे हाताळतं. त्यामुळे त्याने सांगितलेली शब्दसंख्या धरू नका, एडिटरमध्ये मोजा.

शाईपेन
न बोललेली माहिती चॅटबॉटच घालतो असं गृहीत धरू नका. ती त्याआधीच, ध्वनिमुद्रणाचा मजकूर होताना आलेली असू शकते. व्हिस्पर आवाज ३० सेकंदांच्या तुकड्यांत वाचतं. तुकड्यात नुसती शांतता किंवा पंख्याची घरघर असली, तर कधी कधी कुणीच न उच्चारलेली वाक्यं उमटतात किंवा तीच ओळ पुन्हापुन्हा येते. म्हणून आधी शांत जागा कापा. भाषा ‘मराठी’ अशी ठरवून द्या. आपोआप ओळखायला सोडलं तर पहिल्या ३० सेकंदांवरून ठरतं आणि मराठीला हिंदी समजलं जाऊ शकतं. विशेषनामं व्हिस्परला द्यायच्या सुरुवातीच्या सूचनेत लिहून ठेवा.

मग मजकुराला म१, म२, म३ असे क्रमांक द्या आणि संहितेतल्या प्रत्येक वाक्यापुढे आधाराचा क्रमांक मागा. आधार नसेल तिथे ‘आधार नाही’. क्रमांकही चुकीचे पडतात, त्यामुळे नावं, सालं, आकडे आणि अवतरणं एवढं तरी डोळ्यांनी ताडून घ्या. त्याच चॅटमध्ये ‘हे खरं आहे का?’ असं विचारण्यात अर्थ नाही. मॉडेल एकतर होकार देतं, नाहीतर माफी मागून दुसरी चूक हातात ठेवतं. मूळ कागद उघडूनच बघावं लागतं.

कात्रण
मूळ ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकून ताडते. लेखाचं काय? शुद्धलेखन तपास म्हटलं तरी चॅटबॉट सगळा लेखच नव्याने लिहून देतो.

रानवाट
लेख परत मागू नका, तक्ता मागा: मूळ वाक्य, सुचवलेला बदल, कारण. जास्तीत जास्त पंधरा बदल. यातले पटतील तेवढे स्वतः टाइप करा. एका वेळी ४००-५०० शब्दच द्या. देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात, त्यामुळे लांब चॅटमध्ये सुरुवातीच्या सूचना लवकर निसटतात. प्रत्येक लेखाला नवी चॅट, नमुने आणि यादी पुन्हा वर. टेम्परेचर (उत्तरात किती वैविध्य यावं हे ठरवणारा आकडा) बदलता येत असेल तर तपासणीला ०.२ च्या आसपास, कल्पना सुचवायला १ च्या जवळ.

‘कसं झालंय?’ असंही विचारू नका, कौतुकच ऐकायला मिळेल. ‘वाचक कुठल्या वाक्यावर सोडून जाईल आणि का?’ असं विचारलंत तर हाताला काहीतरी लागतं.

खडूफळा
व्हिडिओ यूट्यूबवर टाकत असाल तर: संहितेला किंवा कल्पनांना एआय वापरलं तर ते जाहीर करावं लागत नाही. खरं वाटेल असं कृत्रिम दृश्य किंवा दुसऱ्या कुणाचा हुबेहूब आवाज असेल तर अपलोड करताना तशी नोंद करावी लागते. हा नियम २०२४ पासून आहे. मुखचित्र (थंबनेल) एआयने करणार असाल तर त्यावरची अक्षरं त्याच्याकडून घेऊ नका. जोडाक्षरं आणि वेलांट्या मोडू शकतात. चित्र अक्षरांशिवाय घ्या, एका बाजूला मोकळी जागा मागा आणि शीर्षक वेगळ्या लेयरवर युनिकोड फॉन्टमध्ये टाका.