स्कॉटलंडची कोच टूर: किल्ले आत नेऊन दाखवतात का बसमधूनच?

रंकाळा_कट्टा

नमस्कार मंडळी, जरा लांबडं लिहालोय, सांभाळून घ्या. आईबाबांच्या लग्नाला पुढच्या वर्षी चाळीस वर्षं होतात, म्हणून आम्ही भावंडांनी मिळून त्यांना कुठंतरी बाहेर पाठवायचं ठरवलंय. बहीण म्हणते दुबई, बायको म्हणते सिंगापूर, आणि बाबांना विचारलं तर म्हणाले उंच बिल्डिंगी बघायला एवढ्या लांब कशाला जायचं, किल्ले असतील तर सांग. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, एकतीस वर्षं, त्यातली निम्मी गगनबावड्याच्या घाटात गेली. रिटायर झाल्यापासून दर पावसाळ्यात पन्हाळा-पावनखिंड चालतात, आम्ही नको नको म्हणत असतो तोवर हे शिवा काशिदांच्या समाधीपाशी पोचलेले असतात. आईचं उलटं, गुडघे गेलेत, पायऱ्या दिसल्या की "तुम्ही या जाऊन, मी हितंच बसते".

तर एकानं स्कॉटलंडच्या कोच टूरचं पत्रक आणून दिलंय. नऊ दिवस, त्यात एडिनबरा, स्टर्लिंग, लॉख लोमंड (लॉख म्हणजे तिकडं तळं), ग्लेनको, फोर्ट विल्यम, स्काय बेट, लॉख नेस, इन्व्हरनेस, म्हणजे रोज दोन-तीन नावं आहेत. फोटो बघून बाबा खूश. पण मला शंका अशी की हे सगळं बसच्या काचेतूनच दाखवतात का खाली उतरवून, आणि आई माळकरी आहे, अंडंसुद्धा चालत नाही, तिचं नऊ दिवस काय होणार? आणि जूनमध्ये तिकडं थंडी असते म्हणतात ते खरं का? कुणी जाऊन आलं असेल तर सांगा, जाहिरातवाल्यांनी कृपया मेसेज करू नये.

मंगळवार_पेठेतली_काकू

आम्ही दोघं गेल्या जूनला जाऊन आलो. टूरवाल्याचं नाव घेत नाही, पण माझा अनुभव ऐकून मग पैसे भरा.

पत्रकात लिहिलेलं "अर्कहार्ट किल्ला, लॉख नेस". मी आपली खूश, आदल्या रात्री हॉटेलात बसून त्याची माहिती वाचली. दुसऱ्या दिवशी बस रस्त्याकडेला वरच थांबली, मॅनेजर म्हणाला पंधरा मिनिटं, फोटो काढून घ्या. किल्ला खाली पाण्याच्या काठाला, आम्ही वर रेलिंगला. पाऊस आडवा येत होता, आमच्या ह्यांनी छत्री उघडली ती उलटी झाली आणि दोन काड्या मोडल्या, ती सरळ करेपर्यंत शिट्टी वाजली. म्हणजे आम्ही लॉख नेसच्या काठावर पंधरा मिनिटं छत्री दुरुस्त केली. मॅनेजरला विचारलं आत का नाही, तर त्यानं पत्रक काढून दाखवलं, त्यात बारीक अक्षरात "फोटो स्टॉप" लिहिलेलं होतं. चूक आमचीच म्हणायची, वाचलं नव्हतं. पण चिडले ती चिडलेच.

म्हणून सांगते, गावांची नावं मोजू नका. प्रत्येक नावापुढं काय लिहिलंय ते बघा. "प्रवेशासह" असेल तर आत. "फोटो स्टॉप" असेल तर बाहेरनं. "पासिंग", "एन रूट", "पॅनोरॅमिक" असलं काही असेल तर डोळा लागला की गेलं. आणि एका हॉटेलात किती रात्री ते मोजा. आमची आठ दिवसांत सहा हॉटेलं झाली. रोज सकाळी सातला बॅगा दाराबाहेर, मग नाष्टा, मग बस. घरी आल्यावर चार दिवस मला सकाळी सातला जाग येऊन बॅग कुठाय असं व्हायचं.

एडिनबराचा किल्ला मात्र आत नेऊन दाखवला आणि तो खरंच बघण्यासारखा आहे, थंड झालेल्या ज्वालामुखीच्या कातळावर बांधलाय. दुपारी एकला तोफ उडते, रविवार सोडून. 1861 पासून चालू आहे, बंदरातल्या जहाजांना घड्याळ लावता यावं म्हणून. मला कुणी सांगितलंच नव्हतं, हातातली कॉफी अर्धी कोटावर.

थंडीचं म्हणाल तर जूनमध्ये आम्ही स्वेटर घातलेलं, आणि रात्री दहापर्यंत उजेड. ह्यांना पडदे लावल्याशिवाय झोपच येईना.

ग्लासगोकर_मूळचा_गडहिंग्लज

इकडं राहून बारा वर्षं झाली, गावाकडनं आलेल्या निम्म्या पाहुण्यांना मीच फिरवलंय, म्हणून लिहितो.

काकूंचं शंभर टक्के बरोबर. त्यात एक भर घालतो. बस का पळते ह्यामागं दरवेळी टूरवाल्याची लबाडी नसते. इथं कोचच्या ड्रायव्हरला कायदा लागू असतो, साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास विश्रांती घ्यावीच लागते, आणि दिवसाला नऊ तासांच्या वर चालवायचं नाही, आठवड्यात फार तर दोनदा दहा. सगळं गाडीतल्या टॅकोग्राफ मशिनवर नोंद होतं, खोटं चालत नाही. त्यामुळं सकाळी एखादं जोडपं वीस मिनिटं उशिरा आलं की ती वीस मिनिटं दिवसभरात कुठून तरी कापावी लागतात, आणि ती कापली जातात किल्ल्यातून. पाहुण्यांनी वेळ पाळली तर निम्म्या तक्रारी कमी होतील, पण आपली माणसं "जरा चहा घेऊन येतो" म्हणून जी जातात.

तुमच्या पत्रकात स्काय बेटावर मुक्काम आहे का बघा. फोर्ट विल्यमहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत असेल तर दिवस बसमध्येच गेला समजा. एडिनबराहून एका दिवसात लॉख नेस दाखवून परत आणणाऱ्या टूर पण असतात, बारा तासांच्या, आईंच्या गुडघ्यांना ते जमायचं नाही. एका ठिकाणी दोन किंवा तीन रात्री राहून तिथनं रोज आसपास फिरवणारी टूर मिळाली तर बॅगांचा त्रास वाचतो आणि एखाद्या दिवशी आईंना नको वाटलं तर हॉटेलात बसून तळं बघता येतं.

आता बाबांसाठी. किल्ल्यांबद्दल आधीच सांगतो, राजगड-रायगडासारखा डोंगर चढून जायचं असं इथं फार कमी. एडिनबरा आणि स्टर्लिंग दोन्ही कातळावर आहेत पण गावातच, चढ आहे, दगडी फरसबंदी आहे, आईंना ती फरसबंदी त्रास देईल. एडिनबराच्या किल्ल्यात चालायला त्रास होणाऱ्यांसाठी छोटी गाडी असते, गेटवर मागून घ्या, लाजू नका. ग्लेनकोला आभाळ भरलेलं असेल तर जास्त चांगलं दिसतं, हे तुम्हाला पटणार नाही, पण बाबांना पटेल, गगनबावडा बघितलाय त्यांनी. तिथली गोष्ट त्यांना आवर्जून सांगा. 1692 च्या फेब्रुवारीत सरकारी सैनिक मॅकडोनल्ड कुळातल्या लोकांच्या घरी पाहुणे म्हणून राहिले, बारा दिवस त्यांचं खाल्लं, आणि 13 तारखेला पहाटे यजमानांवरच उठले. अडतीसेक माणसं मारली, बाकीची बर्फात पळाली, त्यातली बरीच थंडीनं गेली. खाल्ल्या मिठाचं इतकं वाईट उदाहरण मला दुसरं माहीत नाही. इथली जुनी माणसं अजून त्यावर बोलतात.

आणि काकूंचा तो अर्कहार्ट पडका का, तर त्याच 1692 ला आतल्या शिबंदीनं निघताना स्वतःच सुरुंग लावून उडवला, जॅकोबाइट बंडवाल्यांच्या, म्हणजे गादीवरनं काढलेल्या राजाच्या बाजूनं लढणाऱ्यांच्या, हाती लागू नये म्हणून. आपल्याकडं 1844 ला गडकऱ्यांनी उठाव केला तेव्हा इंग्रजांनी पन्हाळ्याचा चार दरवाजा पाडला, तसलीच बुद्धी. 1746 ला कलोडनच्या लढाईत बंड मोडल्यावर तर हायलँडच्या, म्हणजे इथल्या डोंगराळ भागातल्या, माणसांना त्यांचा चौकड्यांचा पोशाख घालायला कायद्यानं बंदी केली, ती 1782 ला उठली. आता तोच पोशाख दर दुकानात टांगलेला, शाली, टोप्या, चाव्यांच्या रिंगा.

बाबांना अजून एक. कॅलेंडरवर दिसतो तो पाण्यातला किल्ला, दगडी पुलाचा, आयलन डोनन. 1719 ला आरमारानं तोफा डागून पाडला आणि दोनशे वर्षं नुसते दगड पडलेले. आता दिसतो तो 1932 ला बांधून पूर्ण झालाय. म्हणजे आपल्या आजोबांच्या वयाचा. तरी आत जाण्यासारखा आहे, फक्त जिने अरुंद, आईंनी बाहेर पुलावर बसावं, नजारा तिकडूनच चांगला दिसतो.

चिलटांबद्दल कुणी बोललंच नाही. मिजेस म्हणतात, डोळ्याला नीट दिसत नाहीत, जूनपासून सुरू होतात, वारा पडला की तळ्याच्या काठाला ढगानं येतात आणि चावून सोलून काढतात. जमत असेल तर मे मध्ये पाठवा. पाऊसही त्यामानानं कमी, चिलटं जवळपास नाहीत. ऑगस्टमध्ये डोंगर जांभळे होतात हेदरच्या फुलांनी, पण त्याच महिन्यात एडिनबराला फेस्टिव्हल असतो, हॉटेलचे दर ऐकून बाबा दुबईला तयार होतील.

तांबडा_पांढरा

किल्ले वगैरे ठीक हाय, पण खायाचं कोण सांगणार?

हॅगिस खा म्हणावं बाबांना. मेंढ्याचं काळीज, फुप्फुस, हृदय बारीक करून त्यात ओट आणि कांदा घालून जठरात भरून शिजवत्यात. आपली वजडीच की, फक्त मिरची घालायची विसरल्यात. मी ग्लासगोला खाल्लं, खिशातनं कांदा-लसूण चटणीची पुडी काढली, वरनं भुरभुरली, शेजारच्या टेबलावरचा गोरा बघतच राहिला. त्याला पण चिमूटभर दिली. पाणी पाणी करत गेला बिचारा पण नंतर हात मिळवायला आला. नाद खुळा.

ग्लासगोकर_मूळचा_गडहिंग्लज

@तांबडा_पांढरा 😄 भावा, जिंकलास.

आईंचं सांगायचं राहिलं. शाकाहारी लोकांची इथं उपासमार होत नाही, मेनूवर खूण असते, पण अंडं नको हे हॉटेलात वेगळं सांगावं लागतं, कारण इथल्या लोकांच्या मते अंडं शाकाहारी. सकाळी पॉरिज, म्हणजे ओटची खीरच, टोस्ट, बीन्स. दुपारी मसुरीचं सूप, पण त्यात हॅमचा रस्सा असतो बऱ्याचदा, विचारून घ्यायचं. भाजलेला अख्खा बटाटा वर बीन्स किंवा चीज घालून मिळतो, तो सगळ्यात बिनधोक. शाकाहारी हॅगिस पण मिळतं, मसूर आणि भाज्यांचं, आईंना आवडेल असं मी म्हणत नाही. मराठी टूरवाल्याबरोबर आचारी असेल तर हा प्रश्नच नाही, मात्र तो रोज का ठराविक दिवशी ते लेखी घ्या. खोलीत किटली असते, पोह्याची पाकिटं द्या.

आणि बॅगेत तूप, पेढे, बर्फी, दूध पावडर काही देऊ नका. भारतातून दुधाचे आणि मटणाचे पदार्थ आणायला इथं बंदी आहे, विमानतळावर सापडलं तर डोळ्यासमोर टाकून देतात. चटणी, चकल्या, चिवडा चालतो. माझ्या सासूबाईंनी दोन किलो साजूक तूप आणलेलं, तो दिवस घरात अजून कुणी विसरलेला नाही.

स्टिअरिंग_आपलंच

कशाला टूर? भाड्यानं गाडी घ्या, भारतीय लायसन चालतं वर्षभर, गाड्याही डावीकडनंच. पाहिजे तिथं थांबा.

मंगळवार_पेठेतली_काकू

अहो, सत्तरीकडं झुकलेल्या माणसाला गाडी भाड्यानं कोण देतंय, वयाची अट असते बऱ्याच कंपन्यांची. आणि त्या स्काय बेटावरचे रस्ते एका गाडीपुरतेच, समोरनं गाडी आली की बाजूच्या कप्प्यात घुसायचं. तुमच्या वयात करा हौस.

हो, व्हिसाचं विसरले. युरोपच्या शेंगेन व्हिसावर तिकडं जाता येत नाही, यूकेचा वेगळा काढावा लागतो, निघायच्या तीन महिने आधी अर्ज करता येतो, त्याच्या आधी नाही. बोटांचे ठसे द्यायला आम्ही पुण्याला गेलेलो. सहा महिन्यांचं पासबुक नीट ठेवा, आणि खर्च मुलं करणार असतील तर तसं पत्र आणि मुलांचे कागद पण जोडा. आमच्या ओळखीत एकांनी अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात एकदम मोठी रक्कम टाकली आणि नकार आला.

रंकाळा_कट्टा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री पत्रक घेऊन बसलो आणि काकूंनी सांगितल्याप्रमाणं पेन घेऊन खुणा केल्या. अकरा किल्ले-राजवाडे लिहिलेत त्यात प्रवेशासह फक्त दोन, एडिनबरा आणि स्टर्लिंग. चार फोटो स्टॉप. बाकी "पासिंग". नऊ दिवसांत सात हॉटेलं. बहिणीनं लगेच दुबईचा विषय काढला.

आज दुसऱ्या एकाचं पत्रक मागवलंय, त्यात ठिकाणं कमी आहेत, फोर्ट विल्यमला तीन रात्री, अर्कहार्ट प्रवेशासह, मे मध्ये निघते. थोडी महाग आहे. बहुतेक हीच.

हे सगळं मी बाबांना वाचून दाखवलं. ग्लेनकोच्या गोष्टीवर गप्प बसले बराच वेळ. बेन नेव्हिस ब्रिटनमधला सगळ्यात उंच डोंगर, 1345 मीटर, म्हटल्यावर "कळसूबाई 1646 आहे" एवढंच म्हणाले. आणि ते साडेचार तासांनी पाऊण तास विश्रांती आणि मशिनवर नोंद, हे त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग आईला हाक मारून सांगितलं, ऐक, तिकडं ड्रायव्हरला सक्तीनं झोपवतात.

आता त्यांचा एकच प्रश्न आहे, मलाच विचारायला लावलाय. ड्रायव्हरच्या मागची सीट आधी बुक करता येते का? त्यांना गिअर कसे टाकतो ते बघायचंय.

ग्लासगोकर_मूळचा_गडहिंग्लज

बऱ्याच टूरमध्ये रोज सीट बदलत जातात, सगळ्यांना पुढं बसायला मिळावं म्हणून, त्यामुळं एखाद दिवस मिळेलच. पण काकांना सांगा, गिअर बघायला मिळायचे नाहीत, आता बहुतेक कोच ऑटोमॅटिक असतात. त्यापेक्षा चहाच्या थांब्याला ड्रायव्हरशी बोला म्हणावं. मी घाटात बस चालवायचो एवढं मोबाईलवर भाषांतर करून दाखवायचं आणि गगनबावड्याच्या वळणांचा एक फोटो. पुढची सीट तोच देईल.