'साचा दिसला की ८४८०' म्हणणाऱ्यांसाठी

क्लिअरिंगवाला
काल एका ग्रुपवर एका महाशयांनी लिहिलं: "बाहेरून आणलेला मेटल कास्टिंगचा कसलाही साचा असो, कस्टम्सच्या टॅरिफ कोडात डोळे झाकून ८४८० टाका. ड्युटी तीच पडते. सीएचए लोक (कस्टम्समधून माल सोडवणारे एजंट) उगाच बाऊ करतात आणि फी उकळतात." खाली अंगठ्यांचा नुसता पाऊस. लिहिणार नव्हतो, पण ते फीचं वाक्य झोंबलं.

८४८० चं शीर्षक निदान शेवटपर्यंत वाचा. 'इनगॉट मोल्ड सोडून' असं त्यातच छापलंय. स्टीलचे इनगॉट (लगडी) ओतायचे बिडाचे साचे ८४५४ २० मध्ये जातात, लॅडलच्या (वितळलेला धातू वाहायच्या भांड्याच्या) शेजारी. ग्रॅफाइटचा साचा आणलात तर टॅरिफच्या चॅप्टर ८४ ची पहिलीच नोट त्याला चॅप्टर ६८ मध्ये हाकलते, सिरॅमिकचा असेल तर ६९ मध्ये. फोर्जिंगची डाय (धातूला आकार देणारा पोलादी ठोकळा) ८२०७, कारण तिथे ओतकामच नाही, ठोकाठोक आहे. आणि ८४८० च्या पोटात? मोल्डिंग बॉक्स (वाळूचा साचा भरायची चौकट) ८४८० १०. पॅटर्न (वाळूत ठसा उठवायचा नमुना) ८४८० ३०, मग तो सागवानी का असेना. प्रेशर डाय कास्टिंगची (धातू दाबाने भरायची) डाय ८४८० ४१, ग्रॅव्हिटीची (नुसता ओतायची) ८४८० ४९. डोळे झाकून यातलं कुठलं टाकायचं तेवढं सांगा.

सीए_डोंबिवली
पाठांतर छान. पण मूळ मुद्द्याला बगल दिलीत. ८४५४ असो की ८४८०, बेसिक ७.५ टक्के, त्यावर सरचार्ज, आयजीएसटी १८ टक्के आणि त्याचं क्रेडिट मिळतंच. सरकारचं नुकसान नाही, आयातदाराचं नाही. नुकसान झालं ते फक्त वेळेचं, हा धागा वाचणाऱ्यांच्या.

क्लिअरिंगवाला
मग ऐका. कोरियाहून ॲल्युमिनियम हाउसिंगची प्रेशर डाय आली. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनवर (माल मूळ कुठल्या देशाचा याच्या दाखल्यावर) ८४८० ४१. आयातदाराच्या पर्चेसवाल्याने चेकलिस्टमध्ये ८४८० ४९ करायला लावलं, का तर मागच्या वेळी तेच होतं. मागच्या वेळी ग्रॅव्हिटी डाय होती, हे त्याच्या गावीही नाही. कोरिया कराराची सवलत मागितलेली आणि कागदांवर दोन कोड. कॅरोटार २०२० (व्यापार करारांच्या सवलतीसाठी मूळ देश तपासायचे कस्टम्सचे नियम) आल्यापासून ओरिजिन सिद्ध करणं आयातदाराच्या गळ्यात आहे. क्वेरी पडली. शेवटी शेडमध्ये पेटी फोडली, ग्रीस पुसून इजेक्टर प्लेट, कूलिंगची भोकं, स्प्रू बुश एकेक दाखवलं, तेव्हा ४१ मान्य झाला. तोवर डिटेन्शनचं (कंटेनर अडकल्याच्या आकाराचं) मीटर चालूच. "ड्युटी तीच" म्हणणाऱ्या पर्चेसवाल्याने ते बिल कोणाच्या माथी मारलं असेल, ओळखा.

जालना_भट्टी
तुमच्या डाय राहू द्या. सीसीएमच्या (सलग ओतकाम करणाऱ्या मशीनच्या) कॉपर मोल्ड ट्यूबचं सांगा. आमचा ब्रोकर ८४५४ ९० टाकतो, कास्टिंग मशीनचा पार्ट म्हणून. शेजारच्या मिलचा ८४८० ४९ टाकतो. दोन्ही माल सुटतात. खरं कोण?

क्लिअरिंगवाला
टॅरिफचं सेक्शन १६ (चॅप्टर ८४ आणि ८५), नोट २(अ). पार्ट जर स्वतःच एखाद्या हेडिंगमध्ये (चार आकडी कोडात) नावानिशी असेल तर तो त्या हेडिंगमध्ये. धातूचा साचा ८४८० मध्ये नावानिशी आहे. विषय संपला.

जालना_भट्टी
कसा संपला? ती ट्यूब जॅकेटात बसते, भोवती पाणी खेळतं, खाली-वर हलते, तेव्हा बिलेट (पोलादाची लांब कांब) उतरतं. मशीनबाहेर काढली तर ती तांब्याचा चौकोनी पाईप आहे नुसता. तिला साचा म्हणायचं आणि इनगॉटच्या साच्याला मात्र ८४५४?

सीए_डोंबिवली
बघा, तज्ज्ञांचंच एकमत नाही. ॲडव्हान्स रूलिंग (कोडवर आगाऊ निर्णय) घ्या मुंबईच्या कस्टम्स प्राधिकरणाकडून आणि मोकळे व्हा.

क्लिअरिंगवाला
रूलिंग ज्याने अर्ज केला त्याच्यापुरतंच बंधनकारक असतं, सीए साहेब. शेजारच्या मिलला त्याचा उपयोग फक्त वाचायला.

पॅटर्नशॉप_शिरोली
तुमचं कोडचं चालू द्या, पण मुळात या डाय येतात कशाला बाहेरून? आणि आल्यावर राहतात कुठं? आमच्या शेडात! कंपनीनं आणली, आमच्याकडं पाठवली, पार्ट घेतला, मॉडेल बंद झालं. डाय तिथंच. एच १३ पोलादाचं टनाटनाचं धूड, क्रेनशिवाय हलत नाही. वर गंज चढलाय, पितळी पाटीवर कंपनीचा ॲसेट नंबर तेवढा चकाचक. मेल केली की उत्तर येतं, 'रिटेन टिल फर्दर इन्स्ट्रक्शन'. मेल टाकणारा माणूस दोनदा बदलला, डाय जागची हलली नाही.

खरेदी_चाकण
दुसरी बाजूही ऐका. मॉडेल बंद झालं तरी गाडी रस्त्यावर असते, स्पेअर द्यावे लागतात. उद्या ऑर्डर निघाली तर डाय पुन्हा बनवायची का? व्हेंडरला ऑर्डर हवी असते तेव्हा हीच डाय लाडकी असते.

पॅटर्नशॉप_शिरोली
मग रॅक बांधून द्या की! भाडं द्या! वर्षातनं दोन पेट्या स्पेअर घेता आणि त्याच्यासाठी माझी मशीन बसंल एवढी जागा अडवता. वर ऑडिटला येऊन विचारता, डायला रस्ट प्रिव्हेंटिव्ह का मारलं नाही म्हणून. तुमच्या बापाची पेंड आहे काय ही शेड?

खरेदी_चाकण
भाषा सांभाळा. करारात 'सेफ कस्टडी' लिहिलंय, सही तुमचीच आहे.

सीए_डोंबिवली
याच विषयावर ८ जून २०१८ चं जीएसटीचं सर्क्युलर ४७ आहे. ओईएमच्या (गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या) मालकीची डाय फुकट दिली तर ते सप्लाय धरत नाहीत, पार्टच्या किमतीत तिचा खर्च मिळवावा लागत नाही. पण करारात डाय व्हेंडरने स्वतः आणायची असेल आणि तरी कंपनीने दिली, तर मात्र अमॉर्टाइज करून (खर्च नगांवर वाटून) मिळवायचा. एक्साइजच्या काळात तर फुकट दिलेल्या टूलिंगचा वाटा धरावाच लागायचा. म्हणजे तुमची बाजू आता सुधारलीय, दादा.

पॅटर्नशॉप_शिरोली
सर्क्युलर शेडचं भाडं देतं काय?

जालना_भट्टी
कुणाला मोल्ड ट्यूब आठवते का?

सीए_डोंबिवली
क्लिअरिंगवाल्यांना एक विचारतो. डायचे इजेक्टर पिन, कोअर पिन, इन्सर्ट सुटे आणले तर? ८४८० मध्ये पार्टची ओळच नाही, यादी ७९ ला संपते. मग ७३२६, लोखंडाची इतर वस्तू. बरोबर?

क्लिअरिंगवाला
चूक. नोट २(ब): ठरावीक मशीनसाठीच बनलेला पार्ट त्या मशीनबरोबर. आणि 'साचा म्हणजे मशीन कुठे' असं म्हणायच्या आधी नोट ५ वाचा. ८४-८५ च्या हेडिंगमध्ये जे जे उपकरण आलंय ते सगळं तिथे मशीन धरलंय. अर्थात कुठल्याही डायला चालणारी, कॅटलॉगमधली पिन असेल तर भांडायला जागा आहे, हे मी लेखी देणार नाही.

सीए_डोंबिवली
वा. म्हणजे तुमची फी थोडीफार वाजवी आहे, असं मान्य करतो. थोडीफार.

पॅटर्नशॉप_शिरोली
मी सरळ कटर लावून भंगारात घालतो म्हणतोय. कोण काय करणार?

क्लिअरिंगवाला
थांबा दादा. एक तर माल तुमचा नाही. दुसरं, ती ईपीसीजीवर (निर्यातीच्या बोलीवर ड्युटी न भरता मशिनरी आणायच्या योजनेत) आली असेल तर ड्युटी वाचवलेली आहे, आणि वाचवलेल्या ड्युटीच्या सहापट निर्यात सहा वर्षांत दाखवायची असते. तोवर डाय विकता येत नाही, तोडता तर नाहीच. लायसन्सवर सपोर्टिंग मॅन्युफॅक्चरर म्हणून तुमच्या शेडचा पत्ता असू शकतो. चाकणवाल्यांनी आधी लायसन्स नंबर द्यावा आणि ईओडीसी (निर्यातीची अट पुरी झाल्याचं सर्टिफिकेट) झालंय का ते सांगावं. झालं असेल तर लेखी उचला म्हणावं.

खरेदी_चाकण
फायनान्सला विचारून सांगतो.

पॅटर्नशॉप_शिरोली
म्हणजे परत 'फर्दर इन्स्ट्रक्शन'. बरं.